जुनी मोटारसायकल आणि ई-२० पेट्रोल: घरी काय तपासाल, मेकॅनिककडे कधी जाल?

घोड नदीकाठचे इनामगाव (ता. शिरूर) देशभरात ओळखले जाते ते डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीमुळे. आजचा शिरूर-दौंडचा पट्टा मात्र उसाचा. इथे दारातली पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल ही हौस नसते. दुधाची किटली, खताची गोणी, मुलांची शाळा सगळे तिच्यावरच चालते. अशाच पट्ट्यांतल्या उसापासून बनणारे इथेनॉल आता तिच्या टाकीत आले आहे. त्यामुळे देखभालीच्या सवयीही थोड्या बदलाव्या लागतील.

जुन्या गाडीलाच त्रास का?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे रबरी व प्लास्टिकचे भाग या इंधनाला टिकतील असे बनवले जाऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांत तीन अडचणी येऊ शकतात.

- मिश्रण: कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र ठरावीक मापाचे असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने इंजिनाला इंधन कमी पडल्यासारखे होते. थंडीत किक जास्त माराव्या लागतात.
- पाणी: इथेनॉल ओलावा ओढते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते. तिथूनच इंजिनाला पुरवठा होतो आणि टाकी आतून गंजते.
- रबर: जुने पाइप, ओरिंग फुगतात, कडक होतात किंवा तडकतात.

मायलेजचे काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, असे म्हटले आहे. घट याहून बरीच जास्त असेल, तर दोष फक्त इंधनाचा नाही, गाडी तपासा.

घरच्या घरी काय कराल?

१. पेट्रोलचा पाइप: दर महिन्याला हाताने दाबून पाहा. कडक, चिकट किंवा भेगाळलेला असेल तर लगेच बदला. गळणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडणे धोक्याचे.

२. प्लग: इंजिन थंड असताना काढा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर पाहा. पांढरे पडले असेल तर इंधन कमी जात आहे. मिश्रण मेकॅनिककडून जुळवून घ्या.

३. एअर फिल्टर: ऊसतोडीच्या हंगामात, कच्च्या रस्त्यावर तो लवकर भरतो. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला.

४. चेन: मधोमध दोन ते तीन सेंटीमीटर ढील बहुतेक गाड्यांना चालते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

५. ऑइल: कारचे ऑइल टाकू नका, क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ पाहूनच घ्या. काढलेले ऑइल ओढ्यात किंवा शेतात न ओतता गॅरेजमध्ये द्या.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आत हवा कमी, म्हणून ओलावाही कमी. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढून घ्या. हे काम उघड्यावर, चूल-विडीपासून लांब करा.

काय करू नये?

जेट साफ करताना तार खुपसू नका. छिद्र मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. ब्रेक लायनर, पुढचा काटा, इंजिनातून येणारा खडखडाट ही कामे मेकॅनिकचीच.

कागदपत्रे विसरू नका

दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क १,००० रुपये झाले, तर २० वर्षांवरील दुचाकींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्यात आले. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बंधनकारक आहे.

म्हणूनच नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी पाइप, प्लग आणि टाकीचा तळ एकदा पाहून घ्या. टाकी आतून गंजून झिजली असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत यांचा हिशेब आधी मांडलेला बरा.