अल्प खर्चात सकस आहार

बारावीनंतर उच्च शिक्षणासाठी आपल्या धर्मग्रामांतील अनेक युवक-युवती पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत वास्तव्यास जातात. शुल्क, खोलीचे भाडे व प्रवास यांवर खर्च झाल्यावर जी रक्कम उरते, तीत महिनाभराचे जेवण भागवावे लागते. साहजिकच काटकसरीची पहिली कुऱ्हाड आहारावर कोसळते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव आणि रात्री नूडल्स असा क्रम सुरू होतो. पोट भरते, परंतु शरीराला प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत.

ही बाब गंभीर आहे. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. रक्तक्षयामुळे थकवा येतो व अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणजे ज्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला जातो, त्याच शिक्षणाचे नुकसान होते.

यावर साधा उपाय असा, की महिन्याचा हिशेब मांडताना डाळी व कडधान्ये यांची रक्कम सर्वप्रथम बाजूला काढावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्याची गरज सुमारे ५० ग्रॅम होते. दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ व गव्हाचे पीठ, ८० ग्रॅम डाळ-कडधान्य, मूठभर शेंगदाणे व एक अंडे एवढ्यात ही गरज पूर्ण होते. धान्यात लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळीतून मिळतो. डाळीतील मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. आपल्या वरणभाताचे व खिचडीचे मोल यातच आहे.

मूग, मटकी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवल्यास दिवसभरात मोड येतात. त्यासाठी फ्रीज लागत नाही. मोड आल्यावर त्यांतील 'क' जीवनसत्त्व वाढते. उसळीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट जेवणासोबत घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. म्हणून जेवणानंतर तासभर तरी चहा टाळावा. मोसमातील पालेभाजी, केळी व पेरू यांना आहारात स्थान द्यावे.

तीन-चार मित्रांनी एकत्र स्वयंपाक केल्यास किराणा घाऊक भावाने घेता येतो, आणि एकाच कुकरमध्ये डाळ-भात शिजल्याने गॅसही वाचतो. वसतिगृहात स्वयंपाकास मनाई असल्यास फुटाणे, शेंगदाणे, गूळ, केळी, दूध आणि भिजवलेले मूग यांचा आधार घ्यावा.

पालकांचाही यात वाटा आहे. मुले सुट्टीनंतर परतताना त्यांच्या सामानात फरसाणाऐवजी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे पीठ द्यावे. आपल्या किनाऱ्यावरील घरांतून सुका जवळा वा सुकट देणेही सहज शक्य आहे. मूठभर जवळा परतून भाकरीसोबत खाल्ला, तरी प्रथिने व कॅल्शियम दोन्ही मिळतात. तसेच दूरध्वनीवर "पैसे पुरतात ना?" या प्रश्नासोबत "आज काय जेवलास?" हेही आवर्जून विचारावे. पुष्कळदा पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्यातूनच कळते.