काचेच्या टाकीतला समुद्र

रंगीत माशांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चेन्नईच्या कोळत्तूरमधून खाऱ्या पाण्यातला मासा घरी आणणे सोपे. तो जगवणे अवघड. पाणी नितळ दिसले म्हणजे ते माशाला मानवेलच असे नाही. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई नको. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नये, क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा.

चेन्नईच्या उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून पातळी घटल्यास क्लोरिन नसलेले गोडे पाणी घालावे. हायड्रोमीटरवर घनता १.०२३ ते १.०२५ असावी. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, तेव्हा मात्र तेवढ्याच खारटपणाचे पाणी घ्यावे. वीज गेल्यास बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. कारण टाकी जितकी लहान, तितकी हयगय लवकर भोवते.