द्रव-वायवीय निलंबन, मोटारगाडीचे
मोटारगाडीचा भार चाकांवर तोलून धरण्यासाठी पोलादी स्प्रिंगांऐवजी बंदिस्त वायू व दाबाखालील तेल यांचा उपयोग करणाऱ्या योजनेला द्रव-वायवीय निलंबन म्हणतात. हिच्यात स्प्रिंगेचे कार्य वायू करतो, तर तेल चाकावरील भार वायूपर्यंत पोहोचविते. तेलाचे प्रमाण कमीजास्त करून गाडीची जमिनीपासूनची उंची भार कितीही असला, तरी ठराविक राखता येते व चालकाला इच्छेनुसार बदलताही येते. या योजनेची देखभाल व दुरुस्ती नेहमीच्या निलंबनाहून पुष्कळच वेगळी आहे. तिच्यातील चुका जिवावर बेतू शकतात.

इतिहास : सीत्रोएन या फ्रेंच कंपनीतील पॉल माजेस यांनी ही योजना विकसित केली. १९५४ मध्ये ती एका जुन्या नमुन्याच्या गाडीच्या केवळ मागील चाकांना बसविण्यात आली. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या डीएस या गाडीत मात्र ती चारही चाकांना होती व त्याच दाबयुक्त तेलावर ब्रेक, सुकाणू आणि गिअर यांचेही कार्य चालत असे. पुढे जीएस व एसएम (१९७०), सीएक्स (१९७४), बीएक्स (१९८२), एक्सएम (१९८९), झांशिया (१९९३) व सी५ (२००१) या गाड्यांत तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. सी५ गाडीचे युरोपातील उत्पादन २०१७ मध्ये थांबले. रोल्स-रॉइस कंपनीने १९६५ च्या सिल्व्हर शॅडो गाडीत उंची राखण्यासाठी सीत्रोएनच्या परवान्याखाली हे तंत्र वापरले. रणगाड्यांतही या तत्त्वाचा उपयोग झाला असून भारतीय बनावटीच्या ‘अर्जुन’ रणगाड्याचे निलंबन याच प्रकारचे आहे. पुढील विवेचन मुख्यत्वे हिरवे खनिज तेल वापरणाऱ्या सीत्रोएन गाड्यांना अनुलक्षून आहे.

रचना व कार्य : प्रत्येक चाकाशी एक सिलिंडर व त्याच्या टोकाशी एक पोलादी गोलक असतो. लवचिक रबरी पटलाने गोलकाचे दोन भाग होतात. एका भागात दाबाखालील नायट्रोजन व दुसऱ्यात तेल असते. चाक वर उचलले गेले की, सिलिंडरातील दट्ट्या तेल गोलकात ढकलतो व वायू संपीडित होतो. गोलकाच्या मुखाशी असलेल्या अरुंद छिद्रांच्या झडपेतून तेलाला ये-जा करावी लागत असल्याने आंदोलने शमतात, म्हणून वेगळे धक्काशोषक लागत नाहीत.

एंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढून मुख्य संचायकात साठवितो. संचायकातील दाब सु. १७० बार झाला की, दाबनियंत्रक पंपाचे तेल टाकीकडे परतवितो आणि दाब सु. १४५ बारपर्यंत उतरला की, ते पुन्हा संचायकाकडे सोडतो. पुढील व मागील आडव्या पीळदांड्यांना जोडलेले उंची-नियामक ही या योजनेची ज्ञानेंद्रियेच होत. भार वाढून गाडी खाली बसली की, नियामकातील सरकती झडप सिलिंडरात तेल सोडते. भार उतरला की, जादा तेल टाकीकडे जाते. ही झडप व तिचे घर यांतील फट अवघी काही मायक्रॉन असते, त्यामुळे तेलाची स्वच्छता हा देखभालीचा पाया ठरतो.

तेल : आरंभीच्या गाड्यांत लाल रंगाचे संश्लिष्ट तेल (एलएचएस) वापरीत. ते हवेतील आर्द्रता शोषीत असल्याने आतील भाग गंजत. १९६६ पासून त्याऐवजी हिरवे खनिज तेल (एलएचएम) वापरण्यास सुरुवात झाली. सी५ गाडीसाठी नारिंगी रंगाचे तेल (एलडीएस) आहे. ही तेले एकमेकांत मिसळू नयेत. लाल तेलाच्या योजनेतील रबर खनिज तेलाने फुगते, तर हिरव्या तेलाच्या योजनेतील रबर नेहमीच्या ब्रेक-तेलाने खराब होते. अशी चूक झाल्यास बहुतेक सर्व रबरी भाग बदलावे लागतात. म्हणून टाकीत तेल घालण्यापूर्वी रंगाची खात्री करून घेणे अगत्याचे असते.

तेलाची पातळी एंजिन चालू ठेवून व गाडी सर्वांत उंच स्थानावर आणून पाहतात. गाडी खाली असताना सिलिंडरांतील बरेच तेल टाकीत परतलेले असते, त्यामुळे तेव्हाची पातळी फसवी असते. सर्वसाधारणपणे ६०,००० किमी. प्रवासानंतर तेल बदलून टाकीतील गाळण्या पेट्रोलाने धुतात व पूर्ण सुकवून बसवितात.

गोलकांची तपासणी : रबरी पटलातून नायट्रोजन अतिशय मंद गतीने झिरपत असल्याने काही वर्षांनी गोलकातील वायू कमी होतो. उदा., ४०० घ. सेंमी. गोलकात ५५ बार दाबाने वायू भरला असून गाडीच्या भाराने तेलाचा दाब ११० बार होत असेल, तर वायूचे घनफळ २०० घ. सेंमी. राहील. मूळ दाब निम्म्यावर आला, तर तेच घनफळ १०० घ. सेंमी. होईल व निलंबनाची ताठरता सु. दुप्पट होईल. गाडीची उंची मात्र बदलणार नाही, कारण वायूची जागा नियामक तेलाने भरून काढतो. त्यामुळे हा दोष डोळ्यांना दिसत नाही व हळूहळू वाढणाऱ्या धक्क्यांची चालकाला सवय होते.

तपासणीसाठी एंजिन चालू ठेवून गाडीचा प्रत्येक कोपरा हाताने दाबतात. तो सहज खाली जाऊन सावकाश वर आला पाहिजे. दाबता न येणारा कोपरा रिकाम्या गोलकाचे लक्षण होय. मुख्य संचायकाची स्थिती दाबनियंत्रकाच्या टकटक आवाजावरून समजते. हा आवाज दर काही सेकंदांनी येऊ लागला व प्रत्येक वेळी पंपाचे काम क्षणभरच चालले, तर संचायकातील वायू संपलेला असतो. पंप दीर्घकाळ चालून पुनःपुन्हा सुरू होत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा.

इतर दोष : एंजिन बंद केल्यावर गाडी सावकाश खाली बसणे स्वाभाविक आहे, कारण वंगणासाठी तेल झिरपू देण्याची योजनाच केलेली असते. १९९० नंतरच्या काही गाड्यांत ते रोखणाऱ्या झडपा आहेत. गाडी थोड्याच वेळात खाली बसत असेल, तर उंची-नियामक झिजलेला असण्याचा संभव असतो. गाडी उशिरा वर उठत असेल, तर तेलाची पातळी, तुंबलेली गाळणी व पंपाच्या शोषण नळीतून शिरणारी हवा यांची याच क्रमाने तपासणी करतात. सिलिंडरातून झिरपलेले तेल टाकीत परत नेणाऱ्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की चिरतात. ही गळती कमी दाबाची असल्याने दुरुस्ती सोपी असते.

गोलक बदलणे : प्रथम तरफ सर्वांत खालच्या स्थानावर आणून गाडी पूर्ण बसू देतात. खाली बसणे रोखणाऱ्या झडपा असलेल्या गाडीत हे एंजिन चालू ठेवूनच करावे लागते. नंतर एंजिन बंद करून दाबनियंत्रकावरील निचरा स्क्रू एक ते दीड फेरा सैल करतात. तेल टाकीकडे परतल्याचा आवाज थांबला की, दाब उतरल्याचे समजते. गोलक पट्ट्याच्या पान्याने सैल करतात. नव्या गोलकासाठी नवे रबरी कडे त्याच तेलात बुडवून बसवितात व गोलक हातानेच घट्ट करतात. पुढील व मागील गोलकांतील वायूचा दाब व मुखाची छिद्रे वेगवेगळी असल्याने त्यांची अदलाबदल करीत नाहीत. शेवटी निचरा स्क्रू आवळून एंजिन चालू करतात व गाडी अनेकदा वर-खाली करून नळ्यांतील हवा टाकीत जाऊ देतात.

भरणीचा स्क्रू असलेल्या गोलकांत पुन्हा वायू भरता येतो. त्यासाठी केवळ नायट्रोजनच वापरतात. ऑक्सिजन व तेल यांचा दाबाखाली संयोग झाल्यास स्फोट होतो. संपीडित हवेतही ऑक्सिजन असल्याने तीही निषिद्ध आहे.

उंची जुळविणे : गाडी सपाट जमिनीवर, एंजिन चालू व तरफ नेहमीच्या स्थानावर ठेवतात. गाडी हाताने उचलून सोडल्यावर स्थिरावलेली उंची आणि दाबून सोडल्यावर स्थिरावलेली उंची अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी काढतात. लहानशा हालचालीला नियामक प्रतिसाद देत नाही, त्यामुळे एकच माप विश्वसनीय ठरत नाही. सरासरी निर्मात्याने दिलेल्या मापाशी जुळत नसेल, तर पीळदांड्यावरील पकड सैल करून नियामकाचा दुवा सरकवितात.

सुरक्षितता : सर्वांत उंच स्थानावर उभी असलेली गाडी भक्कम दिसली, तरी ती केवळ तेलाच्या दाबावर उभी असते. नळी फुटली, जोड सैल झाला किंवा कोणी तरफ हलविली, तर ती क्षणार्धात खाली येते व खाली काम करणारी व्यक्ती चिरडली जाऊ शकते. म्हणून सांगाड्याच्या ठरविलेल्या जागी मजबूत घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. केवळ जॅकवरही विसंबू नये. दाबाखालील बारीक गळती बोटाने चाचपणे तितकेच घातक असते. अशी चिळकांडी त्वचा भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रियेची गरज भासते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेकही याच तेलावर चालत असल्याने दुरुस्तीनंतर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी तेलाच्या दाबाची सूचना देणारा दिवा विझला आहे व ब्रेक लागत आहेत, याची जागच्या जागी खात्री करून घेणे आवश्यक असते.