शिकवणी लावताना पाटी नको, मास्तर पाहा

जून उजाडला की वस्तीच्या तोंडावर क्लासचे फलक लागतात. त्यावर गेल्या वर्षीच्या टक्केवाल्या मुलांचे फोटो आणि खाली मोबाईल नंबर. आपला पालक कामावरून येताना फलक वाचतो, फी किती एवढेच विचारतो आणि पोराचे नाव घालून मोकळा होतो. बाजारात मेथीच्या चार जुड्या उलटसुलट करून पाहणारी आपली माणसे मुलाचा मास्तर मात्र न पाहताच का घेतात?

केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणात देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे दिसले. शाळेत नीट शिकवले असते तर ही वेळ का आली असती, हे सरकारला विचारलेच पाहिजे. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत पोरगा दहावीला पोहोचतो.

तेव्हा मुलाचे नेमके कुठे अडते, ते आधी शोधा. "गणित कच्चे आहे" हे काही उत्तर नव्हे. सातवीतल्या पोराला तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागायला द्या. तिथेच तो अडखळला तर त्याला सातवीचे गणित नको, भागाकार हवा आहे. कदाचित त्याच्याही आधीचे पाढे. मग शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. कितीतरी मुले गणितात नव्हे, वाचण्यातच अडलेली असतात. आईबापाला स्वतःला हे जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला अर्धा तास बसवा. साठ पोरांच्या क्लासमध्ये हे शोधायला कुणाला वेळ नसतो. तिथे पोर्शन पुढे पळतो आणि पोरगा मागे राहतो.

बाबासाहेबांना घरी शिकवणारे रामजी सुभेदारच होते. लष्करी शाळेत शिकवलेला हा माणूस परळच्या चाळीतल्या एका खोलीत पोराला रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत असे. रामजींकडे ना फलक होता, ना निकालाची जाहिरात. पोरगा कुठे कमी पडतो हे मात्र त्यांना पाठ होते. पुढे कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांनीही बडोद्याची नोकरी सुटल्यावर मुंबईत दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या केल्या.

मास्तराला भेटायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि तो पहिला प्रश्न काय विचारतो ते कान देऊन ऐका. "बाळा, तुला काय अवघड जाते?" असे त्याने मुलालाच विचारले तर बसा, बोला. आडनाव विचारून गप्प झाला, किंवा "तुम्हाला काय, सवलत आहेच" असे हसत म्हणाला, तर चपला घालून परत या. मग तो कितीही नामांकित असो! या पोराला पस्तीस पुरेत असे ज्याला वाटते, तो त्याला छत्तीसकडे कशाला नेईल? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. गोणपाट गेले, मागचा बाक राहिला आहे. आपले पोर कुठे बसते, ते एकदा न सांगता जाऊन पाहा.

याचा अर्थ आपल्याच माणसाकडे पाठवले की निर्धास्त, असा नाही. केळुसकर गुरुजी काही आपल्या समाजाचे नव्हते. पण तरुण भीमरावाला बुद्धचरित्र त्यांनी दिले आणि सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. उलट कार्यकर्ता आहे म्हणून न शिकवणाऱ्याला वर्षभर फी देणारेही आपल्यात आहेत.

काही पालक शाळेतल्याच सरांकडे शिकवणी लावतात, म्हणजे गुण सुटतील. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाईच आहे. मोठ्या कोचिंगवाल्यांसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, रँकची हमी देऊ नये, मधेच सोडल्यास उरलेल्या दिवसांची फी परत करावी, असे त्यांत आहे. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. म्हणून वर्षाची फी एकदम भरूच नका. महिन्याची महिन्याला द्या आणि पावती घ्या.

वस्तीतली बी.एस्सी. करणारी एखादी मुलगी संध्याकाळी विहारात आठ-दहा पोरे घेऊन बसत असेल, तर आधी तिच्याकडे जा. जागा उघडी असते, जाणारा-येणारा पाहत असतो. लहान मुलांसाठी, त्यातही मुलींसाठी, हे फीपेक्षा मोठे आहे. तिला पैसे मात्र द्या. आपली पोरगी म्हणून फुकट राबवू नका.

मूल सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला असेल तर मास्तराला एनएमएमएस परीक्षेचे विचारा. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ज्याला ही परीक्षाच ठाऊक नाही, त्याने आपल्या पोरांचा फारसा विचार केलेला नसतो.

महिना झाला की वही उघडा. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. फळ्यावरचे सुबक उतरवलेले आणि सगळीकडे बरोबरच्या खुणा असतील, तर पुढच्या महिन्याची फी देण्याआधी विचारा, याचे चुकलेले गणित कुठे आहे?