मुलगी शाळेत रमत नाही : पालकांच्या तक्रारीचा अर्थ

खेड्यातील पालक सहसा तक्रार घेऊन शाळेत येत नाहीत. जेव्हा येतात तेव्हा ती तक्रार कितीतरी दिवस त्यांच्या मनात घोळलेली असते. शेतातील काम, आठवड्याचा बाजार आणि घरची माणसे यांतून सवड काढून एखादी आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहते व म्हणते, "गुरुजी, पोरगी तिसरीत गेली, पण तिला वाचताच येत नाही. रोज सकाळी पोट दुखतंय म्हणते. नुसतं बसायलाच यायचं, तर घरी धाकट्याला तरी सांभाळील." या चार वाक्यांत मुलीची अभ्यासातील अडचण आहे, तिची नाराजी आहे आणि तिला शाळेतून काढण्याचा पहिला विचारही आहे. शिक्षकाच्या कानी बहुधा शेवटचे वाक्यच पडते, आणि तो मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व सांगू लागतो. वास्तविक ते महत्त्व त्या आईला ठाऊक असते. नसते तर ती आलीच नसती. तिला हवे असते ते एवढेच, की आपली मुलगी नेमकी कोठे अडली आहे हे कोणीतरी सांगावे.

हे सांगणे म्हणजे शिक्षकाने केलेला उपकार नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पारखून त्यानुसार लागेल तेवढे जादा अध्यापन करणे, तसेच पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत व प्रगती त्यांना कळविणे, ही दोन्ही कर्तव्ये तेथे शेजारी शेजारी आली आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण पहिले केल्यावाचून दुसरे करता येत नाही. ज्याने मुलीचे वाचन स्वतंत्रपणे ऐकलेले नाही, तो पालकाला "लक्ष देत नाही, अभ्यास घ्या" यापलीकडे काय सांगणार? (या उत्तराने आजवर कोणत्याही आईचे समाधान झालेले नाही.)

मुलगी कोठे अडली आहे हे पाहण्यास फार वेळ लागत नाही. तिला बाजूला घेऊन, इतर मुले ऐकणार नाहीत अशा जागी, प्रथम एक सोपा परिच्छेद वाचावयास द्यावा. तो जमला नाही तर सुटे शब्द द्यावेत. तेही जमले नाहीत तर अक्षरे. २००५ साली सुरू झालेल्या 'असर' या ग्रामीण पाहणीतही अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशाच पायऱ्या वापरल्या जातात. परंतु शिक्षकाने पायरी नोंदवून थांबू नये. चूक कशी होते तेही पाहावे. 'घर', 'गवत', 'कमल' हे शब्द सहज वाचणारी मुलगी 'दिवस' या शब्दापाशी थबकते, याचे कारण तिच्या बुद्धीत नसून लिपीत असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारली मात्र नंतर जाते. रफाराचेही तसेच आहे. 'सूर्य' या शब्दातील र आधी उच्चारावयाचा, पण त्याची खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मोठ्या माणसाला ही अडचण वाटेनाशी झालेली असते, म्हणून ती मुलाला भासत असेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. अशा मुलीला संपूर्ण पाठ दहा वेळा लिहावयास लावण्यापेक्षा आठ दिवस केवळ वेलांटीचे शब्द देणे अधिक फलदायी होते.

अंकगणितात मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण उभी असते. 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतात व चाळीस मागून. लिहावयाचे मात्र चार आधी. म्हणून मूल २४ लिहिते. 'एकोणतीस' या नावात तर तीस ऐकू येतात, तेव्हा मूल ३९ लिहिते आणि रागावणे ऐकून घेते. हा गोंधळ कमी व्हावा आणि जोडाक्षरांचा त्रास टळावा, म्हणून २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'साठ दोन', 'पन्नास सात' अशी संख्यानामे आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. वादाच्या दोन्ही बाजूंचे म्हणणे काहीही असो. गावातील पालकाची अडचण साधी होती. घरी आजी 'बासष्ट' म्हणते, बाजारात दुकानदार 'बासष्ट' म्हणतो, आणि पुस्तकात काही निराळेच आहे, हे त्याला कोणी आधी समजावून सांगितले नव्हते. शिकविण्याची रीत बदलली की तिचे कारण पालकांच्या कानावर घालणे आवश्यक असते. नाहीतर घरी एक व शाळेत दुसरे, अशा ओढाताणीत मूल सापडते आणि शेवटी दोन्हीकडे गप्प बसते.

वजाबाकीचे उदाहरण घ्यावे. ५२ मधून २७ वजा करताना पुष्कळ मुले उत्तर ३५ लिहितात. फुली मारून पाटी परत केली तर मूल पुन्हा ३५ च लिहील. त्याने सातातून दोन वजा केले आहेत, कारण 'लहान संख्या मोठीतून काढावी' एवढेच त्याने ध्यानात ठेवले आहे. दहा दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवून "यांतल्या सत्तावीस मला दे" म्हटले, की मुलगी आपणहून एक जुडी सोडते. हातचा म्हणजे काय, हे त्या क्षणी तिला कळते. हीच गोष्ट आईला दाखविली तर तिलाही कळते, मग ती शाळेत गेलेली असो वा नसो.

येथवर मागे राहिलेल्या मुलीचा विचार झाला. तथापि शाळेत न रमणारी प्रत्येक मुलगी मागेच असते असे नाही. नवे पुस्तक हाती पडताच पहिल्या आठवड्यात सगळे धडे वाचून काढणारी मुलगीही प्रत्येक गावात एखादी असतेच. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस कायद्याप्रमाणे दोन शिक्षक. पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या. गुरुजी दुसऱ्या वर्गाकडे वळले की हिचे काम दहा मिनिटांत संपते, आणि उरलेला अर्धा तास "गप्प बस" या आज्ञेत जातो. काही दिवसांनी ती खोड्या काढू लागते किंवा खिडकीबाहेर पाहत बसते, आणि घरी सांगते की शाळेत काही नवीन नसते. तिच्या वडिलांची तक्रार शिक्षकाला उद्धटपणाची वाटते. पण ती तितकीच खरी असते. अशा मुलीला लहान मुलांना शिकवावयास बसविण्याची चाल जुनी आहे. ती थोड्या प्रमाणात चांगलीही आहे, मात्र रोज तेच केले तर ती मुलगी विद्यार्थिनी न राहता बिनपगारी मदतनीस होते. तिच्यासाठी वर्गाच्या कोपऱ्यात पुस्तकांची पेटी उघडी असावी. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही पुरेसे आहेत. वाचून झाल्यावर तिने त्यातील एखादी गोष्ट वर्गाला सांगावी, किंवा गावच्या विहिरींची नावे, पिके, म्हणी गोळा करून लिहून आणाव्यात. कुलूपबंद कपाटातील ग्रंथालय तपासणीच्या दिवशी नीटनेटके दिसते खरे, पण मुलीच्या कामाला येत नाही.

घरच्या परिस्थितीमुळे अडणाऱ्या मुलींचा प्रश्न याहून कठीण आहे. बीड व अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईवडील फडात असताना कोपीवर धाकट्यांना सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येते. शिक्षण हमी कार्ड व हंगामी वसतिगृह या सोयी अशाच मुलांसाठी आहेत. कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच त्यांची माहिती पालकाला द्यावयास हवी. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढल्यानंतर ती देऊन उपयोग नसतो. परत आलेली मुलगी चार-पाच महिन्यांपूर्वी सोडलेल्या धड्यावर नसतेच. तिला त्याच धड्यावर बसविले, तर तिचे पोट दुखू लागेल यात नवल नाही.

धाकट्या भावंडाचा हा प्रश्न काही आजचा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले तेव्हा वस्तीतील मुले शाळेकडे येत नव्हती, म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी या शब्दामागे ही हकीकत आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणातच शाळा भरे. लहानग्यांना सांभाळत असल्याने ज्या मुलींना येता येत नसे, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी विकासवाडी उभी राहिली. भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठविण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. आज बहुतेक गावांत अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असते; अंगणवाडीताईंशी बोलून दोहोंच्या वेळा जुळवून घेतल्या, तर कितीतरी मुलींची सकाळ मोकळी होऊ शकते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. हा विषय तेथे निघाला तर त्यावर बोलणाऱ्या स्त्रिया समितीतच असतात. मात्र सभा त्यांच्या सवडीच्या वेळी भरली पाहिजे. दुपारी बारा वाजता बोलावलेल्या सभेच्या नोंदवहीवर फक्त सह्या जमतात.

पालकाशी बोलताना भाषा साधी असावी. "ताई, तुमची मुलगी अक्षरं सगळी ओळखते. साधे शब्दही वाचते. वेलांटी आली की अडते. पुढचे पंधरा दिवस तेवढंच घेतो," असे सांगितले म्हणजे आईला आपल्या मुलीविषयी पूर्वी ठाऊक नसलेले काही कळते. त्याबरोबरच तिच्यावर एखादे काम सोपवावे, पण ते तिला जमणारे असावे. निरक्षर आईला "घरी अभ्यास घ्या" म्हणणे म्हणजे तिला मुलीसमोर खाली पाहावयास लावणे होय. व्हॉट्सॲपच्या गटावर गृहपाठ टाकून मोकळे होणेही तसेच. फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि वडील शिवारात. त्याऐवजी चुलीशी बसल्या बसल्या मुलीकडून शाळेतली गोष्ट ऐकावी, दुधाच्या पावतीवरचे आकडे तिला वाचावयास सांगावेत, एसटीची पाटी तिलाच वाचू द्यावी, बाजारात उरलेले पैसे तिच्याकडून मोजून घ्यावेत, एवढे सुचवावे. दुसऱ्यांच्या मुलीशी तुलना करू नये, हेही हळूच सांगावे. आणि ते सांगणाऱ्या शिक्षकाने वर्गातही ती करू नये. कलम १७ ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे.

पहिल्या भेटीतच दुसऱ्या भेटीचा दिवस ठरवावा. बाजाराचा वार असल्यास उत्तम, कारण त्या दिवशी आईचे येणे-जाणे होतेच. मुलीची पायरी, तिची चूक आणि पालकाला काय सांगितले हे वहीत तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवावे. पुढे बदली झाली तरी नवीन शिक्षकाला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागणार नाही. दुसऱ्या भेटीच्या वेळी मुलीला आईसमोर चार ओळी वाचावयास द्याव्यात. त्या ओळी तिला खात्रीने येणाऱ्या असाव्यात आणि त्यांत वेलांटीचे तीन-चार शब्द आलेले असावेत.