गाडीच्या गिअरचे तेल : त्याचीही नोंद घरच्या वहीत हवी!

तळणीचे तेल काळे पडले, त्याला करपट वास येऊ लागला, की आपण ते पुन्हा कढईत घालत नाही. त्यासाठी कोणाला विचारायला जावे लागत नाही. डोळे आणि नाक पुरते. पण दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटातही असेच एक तेल असते. तेही रोज तापते, काळवंडते, करपते. आणि त्याच्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही!

मी म्हणते आहे ते इंजिनाचे तेल नव्हे. ते सर्व्हिसिंगला बदलतात, बिलातही दिसते. मी म्हणते आहे ते ‘ऑटोमॅटिक’ गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल. गॅरेजच्या भाषेत एटीएफ.

“हा विषय आपल्या पानावर कशाला?” असे कोणी म्हणेल. तर मैत्रिणींनो, आपल्या पनवेलमध्ये सकाळी शाळेच्या दाराशी उभे राहून पाहा. मुलांना सोडायला येणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या चाकामागे बायकाच असतात. क्लच नको, गिअरची खटखट नको, म्हणून घरात गाडी घेताना ऑटोमॅटिकचा आग्रहही बहुधा आपलाच असतो. १९८४ च्या सुमारास किनेटिक होंडा आली आणि बिनगिअरच्या स्कूटरवरून बायका कॉलेजला, बँकेत, बाजारात जाऊ लागल्या. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी आली, तेव्हा तीच सोय मध्यमवर्गाला परवडणाऱ्या मोटारीतही मिळाली. सोय आपण घेतली, मग तिची निगा तरी परक्यावर का सोडायची?

हे तेल करते तरी काय?

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतील. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये साधारण अशीच व्यवस्था असते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. या भागाला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. म्हणून तर सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही ब्रेकवर पाय ठेवून ती उभी राहते, बंद पडत नाही.

शिवाय हेच तेल दाबाने आतले क्लच आवळते आणि सोडते, म्हणजे गिअर तेच बदलते. दातेरी चाकांना वंगण तेच देते आणि आतली उष्णता बाहेर नेऊन सोडण्याचे कामही त्याचेच. एकट्या माणसावर घरातली चार कामे असावीत, तशी याची गत!

ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारीसाठी बाजारात आणला. त्यानंतर कित्येक वर्षे या तेलात चक्क स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत. उष्णतेत आणि घर्षणात ते फार टिकाऊ असे. १९७० नंतर देवमाशांच्या रक्षणासाठी अमेरिकेत त्याच्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या तोडीचे दुसरे काही शोधावे लागले. आज बाटलीत जे तेल मिळते, ते त्या शोधाचे फळ.

आपल्याकडे ते लवकर का खराब होते?

कारण एकच, उष्णता. तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आणि आपल्या गाड्यांचा दिनक्रम आठवा. कळंबोलीच्या चौकात ट्रकच्या रांगेत पाऊण तास. मे महिन्यातले ऊन. रविवारी माहेरी पुण्याला जायचे, तर खोपोलीच्या पुढे बोरघाटाची चढण, त्यात पाच माणसे आणि सामान. कंपनीच्या माहितीपुस्तकात ‘कठीण वापर’ म्हणून जे वर्णन असते, ते आपले नेहमीचेच जगणे असते!

म्हणून कोणी “हे तेल गाडीच्या जन्माला पुरते” असे सांगितले, तरी पुस्तकातले ‘कठीण वापर’ हे कलम स्वतः वाचावे. पुष्कळ गाड्यांना अशा वापरात चाळीस ते साठ हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीचा आकडा आपल्याच पुस्तकातून घ्यावा, शेजारच्यांच्या गाडीवरून नव्हे.

लक्षणे ओळखा

ताप आला की आपण कपाळाला हात लावतो. तसेच इथे.

ब्रेक दाबून ‘पी’वरून ‘आर’वर दांडा घेतला, की एक-दोन सेकंदांत गाडीने हलका होकार द्यावा. तिने वेळ लावला, किंवा मोठा झटका दिला, तर लक्ष द्या. इंजिन जोराने ओरडते पण गाडी पळत नाही, हे दुसरे लक्षण. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी पाहा. तांबूस, तेलकट थेंब असला तर तो बहुधा गिअरबॉक्सचा (जुन्या गाडीत स्टिअरिंगचाही असू शकतो). काळपट असला तर इंजिनाचा. नुसते स्वच्छ पाणी एसीचे, त्याची काळजी नको.

नवे तेल बहुतेक वेळा लालचुटुक असते, निदान पारदर्शक तरी. तपकिरी झाले म्हणजे वय झाले. काळे आणि करपट वासाचे म्हणजे आत काही जळते आहे. आणि गुलाबी लस्सीसारखे दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर हे आवर्जून तपासून घ्या. जुलै २००५ च्या पुराने रायगड जिल्ह्यात जे केले ते अनुभवलेल्यांना जास्त सांगायला नको.

‘फ्लश’ करावे की नुसते बदलावे?

खरी मेख इथे आहे, कारण पैशांचा प्रश्नही इथेच येतो.

तेल बदलण्याच्या दोन पद्धती. पहिली : खालचा चेंबर रिकामा करायचा आणि निघाले तेवढे नवे भरायचे. अडचण अशी, की यात सगळे तेल निघत नाही. पुष्कळसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. समजा एकूण आठ लिटर आहे आणि चार निघाले. म्हणजे पहिल्यांदा निम्मे जुने राहिले. थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा तसेच केले, की पाव राहील. तिसऱ्यांदा केले, की अष्टमांश. तांदूळ तीन पाण्यांनी धुतो ना, तेच गणित! माझ्या शिकवणीतल्या मुलांना अपूर्णांकाच्या धड्याला मी हेच उदाहरण देते.

दुसरी पद्धत फ्लशची. मशीन नळीला जोडून एकीकडून नवे तेल आत आणि दुसरीकडून जुने बाहेर. काम एका बैठकीत होते, मात्र तेल जास्त लागते. वेळच्या वेळी निगा राखलेल्या गाडीला, कंपनीची परवानगी असेल तर, हरकत नाही. पण वर्षानुवर्षे तेलाला हात न लावलेल्या गाडीत तळाशी गाळ साठलेला असतो. जोराच्या प्रवाहाने तो ढवळून बारीक छिद्रांत अडकण्याचे भय असते. धुण्यासाठी औषधी द्रावण घालायला काही कंपन्या स्पष्ट नकार देतात.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे सांगते. यजमान नोकरीनिमित्त परगावी, घरी सासरे, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यायचे. गाडी जुनी घेतलेली. ती रिव्हर्स घ्यायला अडखळू लागली. एका गॅरेजने न उघडताच सांगितले, “ताई, आजच फ्लश करा, नाहीतर गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा.” वहिनी घाबरल्या नाहीत. त्यांनी विचारले, “आधी तेल दाखवा. चेंबर उघडणार का? फिल्टर बदलणार का?” उत्तरे गुळमुळीत आली, तेव्हा गाडी घेऊन त्या परत आल्या. दुसऱ्या ठिकाणी चेंबर उघडला. तेल तपकिरी होते, करपलेले नव्हते. लोहचुंबकावर बारीक राखाडी चिखल होता, तुकडे नव्हते. फिल्टर, पॅकिंग आणि तेल बदलले. महिन्याभराने पुन्हा एकदा तेल बदलले. अडखळणे पुष्कळ कमी झाले. अगदी गेले असे मी म्हणणार नाही. पण डायलिसिसचा एकही दिवस चुकला नाही, आणि तेच महत्त्वाचे होते.

एक गोष्ट मात्र पक्की. आतले क्लच झिजून गेले असतील, तर नवे तेल त्यांना जिवंत करत नाही. तेल ही निगा आहे, संजीवनी नव्हे.

फिल्टर बदलताना काय पाहावे

फिल्टर म्हणजे आपली चहाची गाळणीच. पुष्कळ गाड्यांत तो चेंबर उतरवला की हाताला लागतो. काहींत तो इतका आत असतो, की गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. अशा गाडीत तो नेहमी बदलायचा नसतो. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर पिठासारखा बारीक राखाडी थर असणे साहजिक आहे. चमकणारे तुकडे दिसले तर दुखणे मोठे.

पॅकिंग नवेच घालावे. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आणि मापाच्या पान्याने आवळावेत. नाहीतर अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि तेल ठिबकू लागते. शेवटी पातळी पाहायची ती बहुतेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला. कमी भरले तर गाडी घसरते, जास्त भरले तर तेलाला फेस येतो. मीठ कमी आणि मीठ जास्त, दोन्ही वाईट!

गॅरेजमध्ये हे विचारा

१. माझ्या गाडीचा प्रकार कोणता? एएमटीमध्ये साधा गिअरबॉक्स आणि त्याचे वेगळे तेल असते. सीव्हीटीला खास सीव्हीटीचेच तेल लागते. एकाचे दुसऱ्यात घातले तर गिअरबॉक्सचे वाटोळे.
२. पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच तेल आहे ना? बाटलीचे सील माझ्यासमोर फोडाल?
३. किती लिटर निघाले आणि किती भरले?
४. जुना फिल्टर मला दाखवाल?
५. काढलेले तेल कुठे जाते?

पाचवा प्रश्न उगीच नाही. जळके ऑइल गटारात ओतले, की ते नदीत जाते. सरकारी नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कासाडी नदीच्या परिसरातली कुत्री रंगाने निळी झालेली साऱ्या देशाने पाहिली. कारखान्यांना नावे ठेवताना आपल्या गाडीचे चार लिटर आपण विसरू नयेत. वाळवीसाठी म्हणून डबाभर घरी आणण्याची पद्धतही सोडावी, विशेषतः लहान मुले असतील तिथे.

वाटेत बिघाड झाला तर

ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ देऊ नका. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. मग चाके फिरतात पण आत वंगण पोचत नाही. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. घाट उतरताना ‘एन’वर कधीही घेऊ नये. ‘एल’, ‘२’ किंवा हाताने खालचा गिअर घ्यावा; इंजिनच गाडी आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत.

आणि आता एक छोटे काम. गॅसचा सिलिंडर कधी लावला, दुधाचा हिशेब, मुलांच्या लशी, हे सारे आपण ज्या वहीत लिहितो, तिच्याच एका पानावर गाडीचा नंबर लिहा. खाली तीन रकाने आखा : तारीख, किलोमीटर, आणि कोणते तेल किती लिटर. जुनी गाडी घेतली असेल आणि आधीचे काहीच माहीत नसेल, तर पहिली ओळ ‘तेल तपासले’ अशी या आठवड्यातच पडू द्या.