जॅकेट, इअर पॅनल आणि ‘वा. प्र.’

वर्तमानपत्राचे पान आपण बातम्यांपासून वाचायला घेतो, पण ते तयार होताना जाहिरातींपासून सुरू होते. संध्याकाळी उपसंपादकाच्या हाती पानाचा आराखडा, म्हणजे ‘डमी’, येते तेव्हा तिच्यावर जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले असतात. उरलेल्या जागेत त्याने पान लावायचे. रात्री उशिरा मोठी जाहिरात आली तर एखादी बातमी उडते, आलेली जाहिरात रद्द झाली तर फिलरची, म्हणजे रिकामी जागा भरणाऱ्या मजकुराची, शोधाशोध होते. यात लपवण्यासारखे काही नाही, जगभर हाच क्रम आहे. तरीही या कामाची रोजची परिभाषा छापखाना आणि जाहिरात विभागाच्या भिंतींबाहेर फारशी येत नाही. ती वाचकाला ठाऊक असायला हवी असे माझे म्हणणे आहे, कारण पानावरची कोणती जागा विकली गेली आहे हे तिच्यामुळे कळते. शिवाय, ही परिभाषा जिथे अचानक मोघम होते नेमकी तिथेच वाचकाची फसगत होण्याची शक्यता जास्त असते.

जागा विकण्याचे मूळ शब्द अगदी मोजूनमापून वापरले जातात. पूर्वी भाव कॉलम सेंटिमीटरवर ठरे: दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच जाहिरात म्हणजे वीस कॉलम सेंटिमीटर. पण कॉलमची रुंदी पानागणिक बदलते, छोट्या जाहिरातींच्या पानावर तर कॉलम फारच अरुंद असतात. म्हणून मोठ्या दैनिकांत आता चौरस सेंटिमीटरचा हिशेब चालतो. पहिल्या पानाला गुंडाळलेले पूर्ण जाहिरातीचे आवरण म्हणजे जॅकेट. नावाच्या पट्टीच्या दोन्ही अंगांच्या छोट्या चौकटी म्हणजे इअर पॅनल. पानावर दुसरी कोणतीही जाहिरात नसेल तर ती सोलस. ‘कुठेही लावा’ अशा बोलीवर दिलेली आरओपी, आणि तिचा दर अर्थातच कमी. एजन्सीकडून ‘आरओ’, म्हणजे रिलीज ऑर्डर, आल्याशिवाय जाहिरात लागत नाही. तिच्यात तारीख, आवृत्ती, माप, रंग आणि दर लिहिलेले असतात. एजन्सीचे कमिशन परंपरेने पंधरा टक्के. खप किती हे वृत्तपत्राने स्वतः सांगून चालत नाही, म्हणून 1948 साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था उभी राहिली. थोडक्यात, पैसे देणाऱ्याला आपण काय विकत घेतले हे सेंटिमीटरपर्यंत माहीत असते.

छपाईच्या बाजूची भाषा तर याहून रोखठोक, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसते. रंगीत पानाच्या तळाशी किंवा कडेला चार बारीक ठिपके असतात: निळसर, गुलाबीसर, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची ॲल्युमिनियमची स्वतंत्र प्लेट असते. प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. वेगाने पळणाऱ्या कागदावर चारही ठसे एकमेकांवर अचूक बसले की ‘रजिस्टर’ जमले. ते हलले की फोटोतल्या माणसाच्या ओठांचा रंग हनुवटीकडे सरकतो आणि अक्षरांना दुहेरी कडा येतात. भिंगातून पाहिले तर सगळा फोटोच ठिपक्यांचा बनलेला दिसतो. वृत्तपत्राचा कागद शाई पिऊन घेतो, त्यामुळे ठिपका फुगतो. याला डॉट गेन म्हणतात. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे घेऊ नका असे जाहिरातदाराला बजावले जाते ते यासाठीच, नाहीतर अक्षरांची पोकळी शाईने भरून जाते. खिळे जुळवण्याच्या काळातली भाषाही अशीच रोखठोक होती. जुळारी, गॅली, प्रूफ, जस्ताचा ब्लॉक, यातला प्रत्येक शब्द हातात धरता येईल अशा वस्तूचा किंवा ती हाताळणाऱ्या माणसाचा होता.

मग आक्षेप येतो की, ही परिभाषा शिकण्यापेक्षा जाहिरातीच कमी करा. हा आक्षेप टिकत नाही, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. वृत्तपत्राचा कागद साधारण 45 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 45 ग्रॅम. चार पानांच्या एका पसरलेल्या तावाचे वजन सुमारे 16 ग्रॅम आणि सोळा पानी अंकाचे 64 ग्रॅमच्या आसपास. विक्रेत्याचे कमिशन वजा जाता अंकाच्या किमतीतून कागद आणि शाईचा खर्चसुद्धा जेमतेम निघतो. बाकी सारा डोलारा जाहिरातींवर उभा असतो. केंद्र सरकारने 1956 चा किंमत आणि पृष्ठसंख्येचा कायदा करून, आणि त्याखाली 1960 चा आदेश काढून, किती किमतीला किती पाने द्यायची हे ठरवून टाकले आणि जाहिरातींच्या जागेवरही बंधन आणू पाहिले. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचे, हा हेतू सांगितला गेला. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नये पैशांना मिळे आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून 34 पाने देई. आदेश पाळायचा तर पाने 24 वर आणावी लागली असती, नाहीतर किंमत आठ नये पैसे करावी लागली असती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1961 साली घटनापीठाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले, निकालपत्र न्या. मुधोळकरांचे. जाहिरातींची जागा कापली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटला की अभिव्यक्तीचे स्वातंत्र्यच आकुंचन पावते, हा त्या निकालाचा गाभा. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. जाहिरात हा वृत्तपत्राचा कलंक नव्हे. पण ज्या स्वातंत्र्याच्या नावाने हे संरक्षण मिळाले ते बातमीवरच्या विश्वासावर उभे आहे, आणि विकलेली जागा बातमीच्या वेशात आली तर तो विश्वासच खर्च होतो.

ही जागा नेमकी तिथे असते जिथे शब्द मोघम होतात. ॲडव्हर्टोरियल, इम्पॅक्ट फीचर, ब्रँड कनेक्ट, मीडिया इनिशिएटिव्ह, विशेष पुरवणी. मराठीत काही दैनिके अशा मजकुरावर ‘वाणिज्य प्रतिनिधी’ किंवा नुसते ‘वा. प्र.’ छापतात. शेजारच्या बातमीवर ‘प्रतिनिधी’ असते, अक्षर तेच, कॉलमची रुंदी तीच. नव्या गृहप्रकल्पाची किंवा सराफी पेढीच्या नव्या दालनाची ही ‘बातमी’ वाचताना त्या दोन अक्षरांचा अर्थ किती जणांना कळत असेल? वाचक हुशार असतो, त्याला बरोबर समजते, असे जाहिरात विभागाचे उत्तर असते. वाचकाला खरोखरच समजत असेल, तर जाहिरातदार साध्या चौकटीऐवजी बातमीसारखा दिसणारा मजकूर का मागतो आणि त्याचे पैसे का मोजतो? जाहिरात असे स्पष्ट छापले तर गिऱ्हाईक मिळणार नाही, असेही सांगितले जाते. तसे असेल तर तिथे जागेबरोबर वाचकाचे अज्ञानही विकले जात आहे.

याची सर्वांत घातक परिणती निवडणुकीत दिसते. 2009 च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली आणि 2010 साली अहवाल आला. रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घेऊन छापलेली बातमी वा विश्लेषण म्हणजे ‘पेड न्यूज’, अशी व्याख्या तेव्हा पक्की झाली. जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे असे कौन्सिलच्या आचारसंहितेत आहेच, पण ताकीद देणे, ठपका ठेवणे यापलीकडे या संस्थेला शिक्षेचा अधिकार नाही. उलट, निवडणुकीचे साधे हस्तपत्रक छापले तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 ‘क’नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता द्यावाच लागतो.

जाहिरातीला प्रामाणिक राहणे जमत नाही असेही नाही. आतल्या पानांवरच्या जाहीर नोटिसा पाहा. जमिनीवर कुणाचा हक्क, हितसंबंध किंवा बोजा असल्यास अमुक दिवसांत कळवावे अशी वकिलाची सूचना, नाहीतर बँकेची मालमत्तेच्या ताब्याची नोटीस. ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत, आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले, असा नियमच आहे. बारीक टाइप, सजावट शून्य, पण कोण बोलतो आहे, कशासाठी आणि कुणाच्या वतीने हे सारे त्या चौकटीत असते. विशेष पुरवणीच्या प्रत्येक पानावर आणि प्रत्येक ‘वा. प्र.’ मजकुरावर एवढेच हवे आहे: वेगळा टाइप, भोवती रेघ आणि वरच्या बाजूला, मजकुरापेक्षा लहान नसलेल्या अक्षरात, ‘जाहिरात’ हा शब्द. त्याला एक-दोन चौरस सेंटिमीटर जागा लागेल, आणि ती जाहिरातदाराच्या बिलात धरायला काहीच हरकत नाही.